रायगड लोकसभा २०१४: २,११० मतांचा निकाल नेमका कसा वाचायचा

प्रश्न असा आहे. २०१४ ला रायगडमध्ये शिवसेनेचे अनंत गीते राष्ट्रवादीच्या सुनील तटकरेंपेक्षा अवघ्या २,११० मतांनी पुढे राहिले. त्याच निवडणुकीत तटकरेंचेच नाव-आडनाव असलेल्या एका अपक्षाला ९,८४९ मते पडली. मग ‘नावाच्या घोळाने जागा गेली’ हे नक्की धरायचे का? आणि या मतदारसंघाचा मागचा-पुढचा इतिहास त्याबद्दल काय सांगतो?

नावाचा घोळ निकाल फिरवायला पुरेसा होता, एवढे मान्य करायला हरकत नाही. पण ‘त्यामुळेच जागा गेली’ हे वाक्य मान्य करू नका. फरक इतका कमी असला की २,११० पेक्षा मोठी कुठलीही गोष्ट निर्णायक ठरवता येते: शेकापचा (शेतकरी कामगार पक्षाचा) स्वतंत्र उमेदवार, ‘नोटा’ची म्हणजे ‘वरीलपैकी कोणीही नाही’ची मते, मुंबईहून न आलेले चाकरमानी, एखाद्या तालुक्यातली दोन टक्के कमी पडलेली मते. हरलेल्या बाजूचा प्रत्येक जण आपल्याला सोयीचे कारण उचलतो आणि आकडा प्रत्येकाच्या बाजूने उभा राहतो. खरे काम असते ते कारणांचे वजन करण्याचे.

आधी आकडे समोर ठेवू, कारण पुढचे सगळे त्यावरच आहे.

२००९: अनंत गीते (शिवसेना) ४,१३,५४६; बॅ. अ. र. अंतुले (काँग्रेस) २,६७,०२५. फरक १,४६,५२१.
२०१४: अनंत गीते (शिवसेना) ३,९६,१७८, सुनील तटकरे (राष्ट्रवादी) ३,९४,०६८, रमेश कदम (शेकाप) १,२९,७३०. फरक २,११०.
२०१९: सुनील तटकरे (राष्ट्रवादी) ४,८६,९६८, अनंत गीते (शिवसेना) ४,५५,५३०. फरक ३१,४३८.
२०२४: सुनील तटकरे (राष्ट्रवादी, अजित पवार) ५,०८,३५२, अनंत गीते (शिवसेना, उद्धव ठाकरे) ४,२५,५६८. फरक ८२,७८४.

गीते-तटकरे ही जोडी तीनदा समोरासमोर आली आणि दर वेळी दोघांच्या पाठीशी उभे राहणारे बदलले. अभ्यासाला यापेक्षा सोयीचा मतदारसंघ कोकणात दुसरा नाही. माणसे तीच, मित्र वेगळे. त्यामुळे कोणाचे वजन किती, हे निदान अंदाजाने तरी काढता येते.

आता नावाच्या घोळाचे गणित. ९,८४९ पैकी किती मते चुकून गेली असली तर निकाल उलटला असता? २,११० मते तटकरेंना मिळाली असती तर बरोबरी झाली असती, आणि बरोबरी झाली की लोकप्रतिनिधित्व कायद्याप्रमाणे चिठ्ठी काढतात. म्हणजे २,१११ मते हवी होती, ९,८४९ च्या साधारण २१.४ टक्के. त्या अपक्षाला मत देणाऱ्या पाचांपैकी एकाहून किंचित जास्त जणांची चूक झाली असली तरी पुरे. अनोळखी अपक्षाला जवळपास दहा हजार मते पडतात तेव्हा पाचात एकाची चूक हा अंदाज उलट फारच सौम्य आहे. म्हणून वर ‘पुरेसा होता’ असे म्हटले.

पण अंदाज आणि तपासणी यांत फरक आहे. तपासायचे असेल तर फॉर्म २० घ्यावा लागतो. त्यात विधानसभा विभागवार, मतदान केंद्रवार प्रत्येक उमेदवाराची मते असतात. मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर तो मिळतो, पण जुन्या निवडणुकांचा बहुतेक वेळा स्कॅन केलेला असतो. आकडे हाताने उतरवावे लागतात आणि त्यात ३ चा ८ होणे नेहमीचे. प्रत्येक पानाची बेरीज खालच्या छापील बेरजेशी जुळल्याशिवाय पुढच्या पानावर जाऊ नका.

त्यात काय बघायचे? नामसाधर्म्याच्या उमेदवाराची मते खऱ्या उमेदवाराच्या मतांशी कोणत्या प्रमाणात आहेत, ते केंद्रवार बघायचे. एकूण प्रमाण इथे २.५ टक्के येते: खऱ्याला १०० मते तर नावाच्या जोडीदाराला अडीच. चुकून पडलेली मते खऱ्याच्या बालेकिल्ल्यात जास्त आणि जिथे त्याला कोणी विचारत नाही तिथे कमी दिसतात, कारण चूक त्यालाच होते ज्याला खऱ्यालाच मत द्यायचे असते. समजा श्रीवर्धनकडच्या एका केंद्रावर खऱ्याला ४०० आणि जोडीदाराला १०, अलिबागकडच्या दुसऱ्यावर खऱ्याला ८० आणि जोडीदाराला २, असा मेळ शेकडो केंद्रांवर टिकला तर घोळाचा पुरावा भक्कम. उलट मते सगळीकडे सपाट, प्रत्येक केंद्रावर सहा-सात अशी पडली असतील तर ती ‘कोणीच नको’ म्हणणाऱ्यांची अपक्षी मते आहेत. यादीतल्या दुसऱ्या एखाद्या अनोळखी अपक्षाची सरासरी काढून ती आधी वजा करा. उरेल तो घोळ. त्या उमेदवाराचे स्वतःचे गाव आणि शेजारची दोन-चार केंद्रे हिशेबातून बाजूला काढायला विसरू नका, तिथली मते खरी असू शकतात.

हा घोळ होतो कसा, हेही बघण्यासारखे आहे. बॅलट युनिटवर, म्हणजे मतदान यंत्राच्या बटणे असलेल्या भागावर, आधी मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्य पक्षांचे उमेदवार, मग नोंदणीकृत पण मान्यता नसलेल्या पक्षांचे, शेवटी अपक्ष, आणि प्रत्येक गटात नावाच्या वर्णानुक्रमाने. म्हणजे खरा उमेदवार वर आणि जोडीदार बराच खाली. एकाखाली एक येत नाहीत म्हणून घोळ होत नाही, असे कोणी म्हणेल. होतो, तो चिन्हामुळे. रायगडात २००९ ला काँग्रेस-राष्ट्रवादी आघाडीचे उमेदवार अंतुले, त्याआधी २००४ ला जुन्या कुलाब्यातही अंतुलेच, आणि चिन्ह हात. २०१४ ला जागा राष्ट्रवादीकडे गेली आणि चिन्ह घड्याळ झाले. वर्षानुवर्षे हात दाबणारा माणूस यंत्रासमोर उभा राहतो, हात सापडत नाही, मग नाव वाचायला लागतो. नाव वाचत खाली गेला की ‘सुनील … तटकरे’ दुसऱ्यांदा भेटते. मधले वडिलांचे नाव वाचायला तिथे कोण थांबतो? हा माझा तर्क आहे, पण चिन्ह बदललेल्या जागांवर नामसाधर्म्याची मते फुगतात हे अनुभवाला धरून आहे.

कायद्याने काय करता येते? फार थोडे. निवडणूक संचालन नियम, १९६१ सांगतात की दोन उमेदवारांची नावे सारखी असली तर व्यवसाय, पत्ता किंवा आणखी काही लावून ती वेगळी ओळखू येतील असे करावे. मराठी पद्धतीत मधले नाव असतेच, त्यामुळे कागदावर ती वेगळीच असतात आणि नियमाचे समाधान होते. समान नाव हे अर्ज बाद करण्याचे कारण नाही. मे २०२४ मध्ये अशा उमेदवारांविरुद्धची जनहित याचिका ऐकायलाही सर्वोच्च न्यायालयाने नकार दिला. खरा बदल केला तो निवडणूक आयोगाने: १ मे २०१५ नंतरच्या निवडणुकांपासून यंत्रावरच्या मतपत्रिकेत उमेदवाराचा फोटो आला. रायगडची २०१४ ची निवडणूक फोटोआधीची आहे, हे विसरून पुढच्या निवडणुकांशी थेट तुलना करू नका. फोटो आल्यावर घोळ कमी झाला, संपला नाही. फोटो तिकिटाएवढा आणि मतदान कक्षात उजेड यथातथा. बिहारच्या २०२५ च्या निवडणुकीपासून आयोगाने फोटो रंगीत आणि चेहरा मोठा केला, तो यामुळेच.

असा उमेदवार उभा करायला खर्च किती येतो, हेही लक्षात ठेवा. लोकसभेला खुल्या प्रवर्गासाठी अनामत २५,००० रुपये, वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मते मिळाली नाहीत तर जप्त. अपक्षाला त्याच मतदारसंघातले दहा सूचक, म्हणजे त्याचे नाव सुचवून अर्जावर सही करणारे मतदार, लागतात, मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक. बातम्यांपेक्षा या दहा सूचकांची नावे आणि गावे जास्त बोलतात. ती अर्जावर असतात. निकालानंतर ३० दिवसांत प्रत्येक उमेदवाराला निवडणूक खर्चाचा हिशेब द्यावा लागतो आणि तोही बघायला मिळतो. ज्याने एक पत्रकही छापले नाही त्याला दहा हजार मते कुठून आली, हा प्रश्न हिशेब बघितल्यावर जास्त टोकदार होतो. मात्र त्यावरून ‘अमक्याने उभा केला’ असे लिहू नका. तो निष्कर्ष कागदातून निघत नाही.

नावाचे इतके झाले. माझ्या मते २०१४ च्या निकालातला त्याहून मोठा आकडा शेकापचा, १,२९,७३०. आणि गंमत म्हणजे लोक त्याचाही अर्थ उलटा लावतात.

त्यासाठी मागे जावे लागेल. २००८ पर्यंत या मतदारसंघाचे नाव कुलाबा होते. जिल्ह्याचे नाव अंतुले मुख्यमंत्री असताना १९८१ ला रायगड झाले, पण लोकसभेला कुलाबा पुढे पाव शतक राहिले. पहिल्या निवडणुकीत इथून चिंतामणराव देशमुख काँग्रेसच्या तिकिटावर निवडून आले. जन्म महाडजवळच्या नाते गावचा, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि केंद्रीय अर्थमंत्री. १९५६ ला मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी मंत्रिपद सोडले आणि १९५७ च्या संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत जागा शेकापच्या राजाराम राऊतांकडे गेली. १९६२ ला भास्कर दिघे यांनी ती काँग्रेसकडे परत आणली. १९६७ ला दत्तात्रेय कुंटे, १९७१ ला काँग्रेसचे शंकरराव सावंत, १९७७ ला शेकापचे दि. बा. पाटील, १९८० ला काँग्रेसचे अं. तु. पाटील, १९८४ ला पुन्हा दि. बा.

१९८४ ची नोंद जरा थांबून वाचावी. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत महाराष्ट्रात ४८ पैकी ४३ जागा काँग्रेसला गेल्या. उरलेल्या पाचांपैकी दोन कोकण किनाऱ्यावरच्या: राजापूरला मधू दंडवते आणि कुलाब्याला दि. बा. त्याच वर्षी जानेवारीत नवी मुंबईच्या भूसंपादनाविरोधात उरण-पनवेलकडे जे आंदोलन पेटले, गोळीबारात माणसे गेली, त्याचे नेतृत्व दि. बां.कडे होते. देशभरची लाट इथल्या जमिनीच्या प्रश्नाला हलवू शकली नाही. पुढे १९८९, १९९१, १९९६ अंतुले. १९९८ आणि १९९९ शेकापचे रामशेठ ठाकूर. २००४ ला पुन्हा अंतुले. म्हणजे अर्धशतक ही जागा मुख्यतः काँग्रेस आणि शेकापच्या लाल बावट्यामध्येच फिरत राहिली, आणि शिवसेनेला इथे खासदार मिळाला तो थेट २००९ ला.

तो का मिळाला, तर सीमा बदलल्या म्हणून. २००१ च्या जनगणनेवर आधारलेल्या पुनर्रचनेत रत्नागिरी जिल्ह्याच्या विधानसभेच्या सात जागांच्या पाच झाल्या, सिंधुदुर्गाच्या चाराच्या तीन. माणसे मुंबईला गेली, त्यांच्यामागून मतदारसंघही गेले. जुने रत्नागिरी आणि राजापूर हे लोकसभा मतदारसंघ संपले आणि रत्नागिरी-सिंधुदुर्ग हा एक झाला. कुलाब्याचा उत्तरेकडचा भाग, म्हणजे आताचे पनवेल, उरण आणि कर्जत, घाटावरच्या मावळ, चिंचवड आणि पिंपरीला जोडून मावळ लोकसभा मतदारसंघ झाला. आणि पेण, अलिबाग, श्रीवर्धन, महाड या चौघांना दक्षिणेचे दापोली आणि गुहागर जोडून रायगड झाला. दोन जिल्हे, मध्ये सावित्री आणि वाशिष्ठी, वेश्वी-बागमांडला आणि दाभोळ-धोपावे फेरीबोटी. प्रचाराचा एक दिवस खाडी ओलांडण्यात जातो असा हा मतदारसंघ आहे.

शेकापचे नुकसान इथे झाले. पनवेल-उरण एका लोकसभेत आणि पेण-अलिबाग दुसऱ्या लोकसभेत गेले. स्वतःच्या बळावर खासदार आणणारा पक्ष एका फटक्यात दोन्हीकडे फक्त पाठिंबा देण्याइतका उरला. उलट गीते १९९६ पासून रत्नागिरीचे खासदार होते, त्यांच्या ओळखीचा उत्तर रत्नागिरीचा पट्टा नव्या मतदारसंघात आला. दक्षिण रायगड आणि उत्तर रत्नागिरीतला कुणबी समाज हा त्यांचा पाया मानला जातो, तो पुनर्रचनेने एकाच मतदारसंघात आला. शिवाय २००९ ला शेकाप त्यांच्या बाजूने होता. १,४६,५२१ चे मताधिक्य या सगळ्याच्या बेरजेतून आले.

त्याच वर्षीच्या विधानसभेत या सहा जागांची विभागणी बघा: पेण आणि अलिबाग शेकाप, महाड आणि दापोली शिवसेना, श्रीवर्धन आणि गुहागर राष्ट्रवादी. दोन-दोन-दोन. लोकसभेला तिन्ही वेगवेगळे लढले तर निकाल घासून होणार, हे २०१४ च्या पाच वर्षे आधीच कागदावर लिहिलेले होते.

२०१४ ला शेकापने चिपळूणचे माजी आमदार रमेश कदम यांना उतरवले. ‘शेकापने तटकरेंची मते खाल्ली’ असे तेव्हा आणि नंतरही म्हटले गेले. पण आधीच्या निवडणुकीत ही मते गीतेंच्या पारड्यात होती. मग खाल्ली कोणाची? २००९ ते २०१४ गीतेंची मते १७,३६८ ने घटली, तीही देशभर मोदी लाट असताना आणि भाजप सोबत असताना. लाटेने जे दिले ते शेकापच्या जाण्याने गेले, असे वाचणे जास्त सरळ आहे. तटकरेंची मते अंतुलेंपेक्षा १,२७,०४३ ने जास्त आहेत. त्यात मतदान वाढल्याचा वाटा आहे, उमेदवाराचा स्वतःचा आहे, पण शेकापचा नाही, कारण शेकाप स्वतंत्र लढत होता. म्हणून शेकाप रिंगणात नसता तर गीते जास्त फरकाने जिंकले असते की हरले असते, याचे उत्तर तो कोणाच्या बाजूने गेला असता यावर आहे. नुसते ‘मते खाल्ली’ म्हणण्यात काही अर्थ नाही.

ते किती वळली असती याचा अंदाज २०१९ देते. तेव्हा शेकाप तटकरेंसोबत होता. तटकरेंची मते ९२,९०० ने वाढली, गीतेंची ५९,३५२ ने. फरक उलटला तो ३३,५४८ मतांनी (२,११० उणे होते, ३१,४३८ अधिक झाले). बाकी सगळे तसेच राहिले असे धरले, आणि तसे ते कधीच राहत नाही, तर शेकापच्या १,२९,७३० पैकी साधारण ६३ टक्के तटकरेंकडे आणि ३७ टक्के गीतेंकडे गेली असा हिशेब येतो. सगळीच वळली असती तर फरक सव्वा लाखाच्या वर गेला असता. पक्षाने पाठिंबा दिला की गठ्ठा जसाच्या तसा उचलून पलीकडे ठेवता येतो, हा समज इथे मोडतो. अलिबाग-पेणचा शेकापचा मतदार वर्षानुवर्षे ज्या तटकरेंच्या पक्षाशी जिल्हा परिषदेत भांडला, त्याला एका बैठकीने मन बदलायला सांगणे अवघडच.

२०२४ ला सगळी अदलाबदल झाली. भाजप आणि शिंदेंची शिवसेना तटकरेंकडे, काँग्रेस आणि शेकाप गीतेंकडे. सहापैकी पाच आमदार तटकरेंच्या बाजूने, गीतेंकडे फक्त गुहागरचे भास्कर जाधव. पहिल्यांदाच गीतेंच्या नावापुढे धनुष्यबाण नव्हता, मशाल होती. गीतेंची मते २९,९६२ ने घटली, तटकरेंची २१,३८४ ने वाढली. शेकाप ज्याच्याकडे तो जिंकतो, हे २००९ आणि २०१९ चे समीकरण इथे संपले. २०१९ च्या विधानसभेत पेण भाजपला आणि अलिबाग शिवसेनेला गेल्यापासून शेकापकडे या सहांपैकी एकही आमदार नव्हता. पेणचे दोन वेळचे शेकाप आमदार धैर्यशील पाटील स्वतः २०२३ ला भाजपमध्ये गेले आणि पुढे राज्यसभेवर गेले. पाठिंबा पत्रावर असतो, मते माणसांबरोबर जातात.

२०१४ कडे परत येतो, कारण एक बाजू राहिली: मतदानाला कोण आले आणि कोण नाही. त्या वर्षी रायगड आणि मुंबईच्या सहाही जागा एकाच दिवशी होत्या, २४ एप्रिलला. शेजारचे रत्नागिरी-सिंधुदुर्ग आणि मावळ आठवडाभर आधी, १७ एप्रिलला झाले होते. २०१९ ला रायगड २३ एप्रिल, मुंबई २९ एप्रिल. २०२४ ला रायगड ७ मे, मुंबई २० मे. चाकरमान्याचे नाव मुंबईत की गावात, हा प्रश्न या तारखांमुळे महत्त्वाचा होतो. नाव दोन्हीकडे ठेवणे गुन्हा आहे, तरी याद्यांमध्ये अशी नावे राहून जातात हे कोणी नाकारत नाही. एकाच दिवशी मतदान असले की दोन्हीकडे नाव असलेल्याला एकच जागा निवडावी लागते, आणि गावात नाव असलेल्याला खास रजा काढून यावे लागते. ही रजा पगारी मिळण्याचा हक्क आहे (लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १३५-ब), रोजंदारीवाल्यालाही. दुसऱ्या मतदारसंघात काम करणाऱ्यालाही. कारखान्याच्या गेटवर हे कितीजणांना माहीत असते ते विचारून बघा.

किनाऱ्यावर आणखी दोन गट सुटतात. मासेमारीबंदी जूनपासून, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये बोटी पाण्यात असतात आणि खलाशी मतदानाच्या दिवशी बंदरात असेलच असे नाही. मर्चंट नेव्हीतल्या माणसाला टपाली मत मिळत नाही. ती सोय सैन्यदलांतल्या मतदारांना आहे. आखातातल्या माणसाला अनिवासी मतदार म्हणून नाव नोंदवता येते, पण मत द्यायला प्रत्यक्ष यावे लागते. श्रीवर्धन, म्हसळा, मुरूड, दापोली, गुहागरच्या मोहल्ल्यांत आणि वाड्यांत अशी घरे किती आहेत ते तिथल्या कोणालाही ठाऊक आहे. २,११० च्या निवडणुकीत ही नावे कुठल्याच विश्लेषणात येत नाहीत, कारण न पडलेल्या मताला फॉर्म नसतो.

मतमोजणीच्या सभागृहात इतक्या कमी फरकावर काय करायचे असते, तेही विचारले जाते म्हणून सांगतो. हे आजच्या नियमांनुसार. फेरीनिहाय आकडा सही करून घ्या आणि प्रत्येक यंत्राचा आकडा त्या केंद्राच्या फॉर्म १७-सी शी, म्हणजे तिथे पडलेल्या मतांच्या हिशेबाशी, जुळवा. १७-सी ची प्रत मतदान संपताना केंद्रावरच पोलिंग एजंटला मिळते. ती सगळ्या केंद्रांची गोळा नसेल तर मोजणीच्या दिवशी हात बांधल्यासारखे होते. नेहमी अडते ते मॉक पोलच्या मतांपाशी. मतदानाआधी किमान ५० मतांची चाचणी घेतात आणि ती पुसायची राहून गेली तर ते यंत्र बाजूला ठेवतात. बिहारच्या २०२५ च्या निवडणुकीआधीच्या नियमाप्रमाणे शेवटी अशा यंत्रांतल्या एकूण मतांपेक्षा विजयाचा फरक कमी असेल तरच त्यांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या (प्रत्येक मताची यंत्रातून छापून पडणारी चिठ्ठी) मोजत. फरक मोठा असला की ती यंत्रे तशीच पडून राहत, घासून असला की तीच निकाल ठरवत. विजयाचा फरक बाद टपाली मतांपेक्षा कमी असेल तर ती सगळी बाद मते पुन्हा तपासणे बंधनकारक आहे.

फेरमोजणी मागायची वेळ फार छोटी असते. अंतिम बेरीज जाहीर झाल्यानंतर आणि निकाल घोषित होण्याआधी, लेखी, कारणांसह. ‘फरक कमी आहे’ हे कारण पुरत नाही. कोणत्या टेबलावर, कोणत्या फेरीत, कोणत्या केंद्राचा आकडा जुळत नाही ते लिहावे लागते. मुंबई उत्तर-पश्चिममध्ये २०२४ ला ४८ मतांच्या निकालानंतर फेरमोजणीवरून जो वाद झाला, त्यातून प्रत्येक काउंटिंग एजंटने हा धडा घ्यावा: अर्जाचा कोरा मसुदा आणि पेन सकाळीच खिशात असू द्या. घोषणेनंतर उरते ती निवडणूक याचिका, ४५ दिवसांत, उच्च न्यायालयात. त्यातही निकालावर परिणाम झाला हे दाखवावे लागते, आणि चुकून दाबलेले बटण हा त्यात आधार होत नाही.

विधानसभेला हा पट्टा याहून घासून जातो. २०१४ लाच श्रीवर्धनला राष्ट्रवादीचे अवधूत तटकरे ७७ मतांनी आले. लोकसभेच्या मे महिन्यातल्या निकालाचा विभागवार तक्ता ऑक्टोबरच्या विधानसभेशेजारी ठेवून वाचला तर कोणाची मते उमेदवाराची आणि कोणाची लाटेची ते कळते. तुलना करताना केंद्र क्रमांकावर विसंबू नका. केंद्रे वाढतात, फुटतात, एकत्र होतात आणि दोन निवडणुकांच्या मधल्या काळात ११२ चे ११९ झालेले असते. रोहा तालुका तर पेण, अलिबाग आणि श्रीवर्धन अशा तीन विभागांत वाटलेला आहे, त्यामुळे ‘रोह्याचा लीड’ काढायचा तर तीन तक्त्यांतून गावे वेचावी लागतात. फाइल गावाच्या आणि शाळेच्या नावाने लावा, क्रमांक शेजारच्या रकान्यात. पुढची पुनर्रचना झाली की विभागांच्या सीमाही हलतील, आणि तेव्हा गावाच्या नावाने लावलेली फाइलच तेवढी कामाला येईल.